ग्रामसेविका मॅडमना, बदलीनंतरचं पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शासनाने तुमच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण आमच्या गावाला तुम्ही ग्रामसेविका मॅडमच. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ देताना माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२०११ पासून महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे. त्यामुळे मला सरपंचपदाची खुर्ची मिळाली, पण तिथे बसून करायचं काय, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या मासिक सभेत आमच्या मालकांनी फाईल घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "दादा, फाईल सरपंचांकडे द्यायची असते." त्यांचा अपमान केला नाहीत. ते उठून बाहेर ओट्यावर बसले आणि पुन्हा कधी सभेत आले नाहीत. त्याचं श्रेय मी त्यांनाही देते.

मग सुरू झाली आपली दुपारची शाळा. ऑफिस रिकामं झालं की तुम्ही वह्या काढायचात. नमुना ८ कर आकारणीचा, ९ मागणीचा, ५ रोकड वहीचा. घरपट्टी कुणाकडे थकलीय, पाणीपट्टी किती वसूल झाली, हे मी ओळीवर बोट ठेवून वाचायचे. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, रस्त्याकडे वळवायचा नाही, हेही तिथेच कळलं. बायकांच्या आत्मविश्वासावर मी पुष्कळ भाषणं ऐकलीत. मला तो आला हे आकडे कळायला लागल्यावर.

आणि ते डोंगल! वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन द्यायचे तर सरपंचाची डिजिटल सही लागते, आणि ती या पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. कितीतरी सरपंचताईंची ही सही दुसऱ्याच कुणाच्या खणात पडून असते. तुम्ही ते आल्याबरोबर माझ्या हातात दिलंत. "पासवर्ड मलासुद्धा सांगू नका," म्हणालात. पुढे गटाराच्या बिलासाठी ठेकेदार घरी येऊन बसला, तेव्हा मी मोजमाप पुस्तिका मागितली आणि गटारावर जाऊन टेप लावायला सांगितला. लांबी कमी भरली. काम पुरं होईपर्यंत डोंगल माझ्या पर्समध्येच राहिलं. त्या दिवशी तुम्ही शेजारी उभ्या होतात, पण एक शब्द बोलला नाहीत. बोलणं मला करू दिलंत, हे मी कधी विसरणार नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. आमच्याकडे ती रजिस्टर घरोघर फिरवून, सह्या गोळा करून व्हायची. तुम्ही ती समाजमंदिरात खरोखरची भरवलीत. तिथे बोलायला लागलेल्या बायका ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या. पंचायतीच्या उत्पन्नातले महिला-बालकल्याणाचे १० टक्के कुठे खर्च झाले, असं बचत गटातल्या एका मावशींनी भर सभेत मलाच विचारलं. मी रोकड वही उघडून नोंदी वाचून दाखवल्या. अंगणवाडीतला नळ त्याच चर्चेतून आला.

तुमच्या नव्या गावातही महिला सरपंच आहेत, असं कळलं. त्यांना माझा नंबर जरूर द्या. तुम्हाला वसुलीच्या कामात दुपारी वेळ झाला नाही, तर नमुना ८ आणि ९ मी त्यांना फोनवर समजावून सांगेन.

तुमची,
सरपंच