पेशंट समोर बसलाय, त्याच्याशी बोला

महोदय,

मुलं परदेशी आणि आईवडील इथे, असं घर कोथरूडच्या सोसायट्यांत दर जिन्याला एक तरी सापडतं. अशा कुणाला दवाखान्यात जायचं झालं की शेजारी म्हणून मी सोबत जाते. तिथे हटकून दिसतं ते हे, की डॉक्टर पेशंटशी बोलत नाहीत, सोबत आलेल्याशी बोलतात.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंबरोबर गेले होते. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, रोजचं शब्दकोडं थेट पेनाने सोडवतात. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि मला विचारलं, “यांना चक्कर कधीपासून येते?” मला काय माहीत! काकू सांगायला लागल्या, तोच अमेरिकेतून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पुढचं सगळं बोलणं फोनशी, तेही इंग्रजीत. बीपी वाढलेलं निघालं म्हणून गोळीचा डोस वाढवला आणि आम्ही बाहेर. रिक्षा शोधताना काकू म्हणाल्या, “अगं, ती गोळी मी अर्धीच घेते. पूर्ण घेतली की उठताना अंधारी येते.” दुसऱ्या दिवशी फोन करून हे कळवल्यावर डॉक्टरांनी गोळीच बदलून दिली. माणूस चांगला आहे, उद्धट अजिबात नाही. फक्त विचारलं भलत्याला.

कायदा याबाबतीत पेशंटच्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात पेशंटला तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, जिवावरची तातडी नाही, तेव्हा आईची संमती चालणार नाही. आपल्याकडे मात्र अजूनही फॉर्म आधी मुलापुढे सरकवला जातो.

डॉक्टरांचीही बाजू आहे. ससूनच्या ओपीडीतली गर्दी पाहिली की ते एकेकाशी किती बोलणार, असं वाटतंच. शिवाय बिल भरतो नातेवाईक, भांडतो नातेवाईक, आणि हात उगारतो तोही नातेवाईकच. मग डॉक्टर त्यालाच सांभाळणार. “त्यांना काही सांगू नका हं, घाबरतील,” असं केबिनच्या दारात कुजबुजणारेही आपणच.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून पेशंटशी कसं बोलावं हे शिकवलं जातं. चांगलंच आहे. पण ही मुलं वॉर्डात सीनियर जे करतात तेच उचलणार, त्यामुळे सुरुवात सीनियरांनी करायला हवी. पहिली दोन मिनिटं फक्त पेशंटची, सोबतच्याने मध्ये बोलायचं नाही. ऐकू कमी येत असेल तर मास्क खाली घेऊन, समोर बघून बोला. शेवटी “गोळ्या कशा घेणार, सांगा बघू,” एवढं विचारा. हल्ली गोळीच्या पाकिटावर पेनाने ‘रात्री जेवणानंतर’ असं लिहून देणारा केमिस्टच काय तो पेशंटशी बोलतो.

आणि परदेशातल्या मुलांना विनंती, की कॉल आई केबिनमधून बाहेर आल्यावर करा. डॉक्टर काय म्हणाले ते तिलाच विचारा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे