ब्लडबीस्टचे खरे डोळे

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंद्या,

आई बरी आहे, गुडघा आहे तसाच. मीही ठीक. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरात सांगितलं तर सगळे म्हणाले, "मग कर की!"

एका प्रकाशकांनी मला त्या पुस्तकाचं नवं कव्हर करायला सांगितलंय. हो, तेच. तुझ्या मावशीच्या वाड्यात जिन्याखालच्या कपाटात असायचं ते. जुनं कव्हर ज्यांनी केलं ते आता नाहीत, घरच्यांची परवानगी आलेली आहे. सूचना एवढीच की आजच्या मुलांनी ते हातात घ्यायला हवं. आणि माझा हात चालत नाही. पेन्सिल टेकवली की त्यांचंच चित्र उतरतं, तोच कोन, तोच झुकलेला माणूस. मुद्दाम वेगळं काढायला जावं तर ते केवळ वेगळं दिसण्यासाठी काढल्यासारखं वाटतं.

त्यातच तुझं पार्सल आलं. स्कोलास्टिकचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन', म्हणजे आपलं 'वॉरलॉक', आणि 'सिटी ऑफ थीव्ह्ज'. तीच आपली 'फायटिंग फँटसी'ची पुस्तकं, वाचणाऱ्यानेच नायक होऊन फासे टाकत खेळायची. रॉबर्ट बॉलची नवी कव्हरं पाहिली आणि पहिल्यांदा मी दोन्ही पुस्तकं पालथी घालून ठेवली. राग आला होता. 'सिटी ऑफ थीव्ह्ज'च्या जुन्या कव्हरवरचा खलनायक झँबार बोन चित्रकार इयन मॅकेगचा आहे, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं काहीतरी. तू म्हणशील, हा राग मला कॉलेजातही यायचा. येऊ दे.

मग रात्री कपाटातून त्याच मालिकेतलं आपलं जुनं 'डेथट्रॅप डंजन' काढलं. (तुझं नाही, माझं. डेक्कनच्या फुटपाथवर पैसे मी दिले होते, हा वाद मी अजून सोडलेला नाही.) कोपरे गेलेत, खेळाचा हिशोब ठेवायचं ॲडव्हेंचर शीट खोडरबराने घासून घासून पारदर्शक झालंय. आणि कव्हरवर तो राक्षस, ब्लडबीस्ट, चिखलातून वर आलेला, जबडा वासलेला, थेट आपल्याकडे बघणारा. फुगलेल्या तोंडभर डोळ्यांसारखे फोड. आता आठव, त्याला मारायचं तर खऱ्या डोळ्यावर वार बसायला हवा आणि खरे डोळे त्या फोडांच्या गर्दीत लपलेले. म्हणजे मॅकेगने 1984 साली खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न कव्हरवरच मांडून ठेवला होता. आपण पुस्तक उघडायच्या आधीच बोट ठेवून भांडायचो, हा खरा, नाही हा खरा. आपला खेळ तिथेच सुरू व्हायचा. दिल्या मधे येऊन दोन्हीवर बोट ठेवायचा ते वेगळं.

आणि माझी खरी काळजी इथेच आहे. जुनं कव्हर बदलायचं म्हणजे सजावट बदलणं नाही. मुलाचं पहिलं पाऊल कुठे पडणार, ते मी ठरवणार.

म्हणून हे काम आधी ज्यांनी केलं त्यांच्याकडे बघत बसलोय. 1982 ला पफिनने 'वॉरलॉक' काढलं तेव्हा कव्हर पीटर अँड्र्यू जोन्सचं आणि आत रस निकल्सनच्या शाईच्या रेघा. 1995 ला पफिनची मालिका 59 पुस्तकांवर थांबली. 2002 ला विझार्ड बुक्सने जुनी पुस्तकं पुन्हा छापायला घेतली, तेव्हा 'वॉरलॉक'चं नवं कव्हर मार्टिन मॅकेनाने केलं. हा मॅकेना आधीपासून घरातलाच. 1992 च्या 'रिटर्न टू फायरटॉप माउंटन'मधली आतली चित्रं त्याचीच. म्हणजे त्या डोंगरात तो आधी राहून आला होता, मग त्याने दार रंगवलं. मला वाटतं म्हणूनच त्याच्या कव्हरात जुन्याशी भांडण दिसत नाही. तू तेव्हाही म्हणाला होतास की जोन्सच्या जादूगारापुढे सगळं झूठ. मंद्या, तू जोन्सचं नाव घेतलंस की पुढचं काही ऐकत नाहीस.

बॉलचं तसं नाही. 2017 ला स्कोलास्टिकने मालिका घेतली आणि त्याने जुन्यांची नक्कलच केली नाही. ठसठशीत आकार, मोजके रंग, बारकावे सरळ गाळलेले. दुकानाच्या फळीवर लांबून ओळखू येईल असं. मॅकेगला जवळून बघायचं असतं, बॉलला चार पावलांवरून. आता दोन्ही शेजारी ठेवून बघितल्यावर मला त्याचं धाडस कळतंय. राग गेलाय. आतल्या पानांचा मात्र गेला नाही. तिथली नवी चित्रं काढणाऱ्या व्लाडो क्रिझानचं काम हुशार असेल, पण निकल्सनचे ते चामखीळवाले, दात विचकणारे चेहरे काढून टाकायला नको होते. मॅकेना 2020 ला गेला, निकल्सन 2023 ला. त्यांची नावं आपल्याला तेव्हा माहीतही नव्हती. लेखक जॅक्सन-लिव्हिंगस्टन पाठ होते. मॅकेग कोण, हे तर 'स्टार वॉर्स'च्या 'फँटम मेनेस'मधल्या डार्थ मॉलचं रूप त्याने रेखाटलं, हे वाचल्यावर कळलं. माझ्या या कव्हरवर जुन्या चित्रकारांचं नाव आत ठळक छापायचं, ही अट मी घालणार आहे. मान्य नसेल तर काम नको.

पण मॅकेनाच्या वाटेने जाऊ की बॉलच्या? वाड्यात राहून आलोय तर मॅकेनासारखं जमायला हवं. पण तीच ओढ हात बांधून ठेवते. बॉलला कदाचित 'सिटी ऑफ थीव्ह्ज'च्या नायकासारखं कपाळावर युनिकॉर्न गोंदवून घेतलेला मित्र नव्हता. (बॉलपेनचं ते युनिकॉर्न बापट सरांना गाढव वाटलं होतं, आणि तुझ्या आईला आठवडाभर पुसता आलं नाही.)

नवी नोकरी कशी आहे? लीड्सला घर मिळालं का? वहिनींना नमस्कार. बँकॉकच्या सुखुमवित रोडच्या पाटीखालचा तुझा फोटो पोचला, 'डेथट्रॅप डंजन'चा बॅरन सुखुमवित शोभतोस.

एक काम कर. रेवासमोर जुनं आणि नवं 'सिटी ऑफ थीव्ह्ज' ठेव. काही बोलू नकोस, विशेषतः जोन्सबद्दल. ती कुठलं आधी उचलते यापेक्षा उचलल्यावर कव्हरवर किती वेळ थांबते आणि काय विचारते ते मला सविस्तर लिही. प्रकाशकांना महिनाअखेर उत्तर द्यायचंय, तेव्हा त्याआधी लिही.

तुझा,
अज्या