नरकासुराची तार आणि मिरीचा पंजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला आणि आमच्या वाड्यावरच्या पोरांनी नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी बांबू आणून टाकले. सांगाडा उभा राहायच्या आत हे पत्र छापून आले तर उपयोग, म्हणून घाईने लिहितो.

मी गोव्यातल्या बांदोड्याचा. ३१ वर्षे प्रवासी बस चालवली, त्यातली निम्मी पहाटेच्या पाळीला. निवृत्त झालो तरी साडेचारची जाग काही सुटेना. शेवटी मुलीने एक गावठी कुत्रीचे पिल्लू आणून दिले. काळे कुळकुळीत, म्हणून नाव मिरी. चार वर्षे झाली, पहाटे आम्ही दोघे नागेशीच्या तळीपर्यंत आणि तिची मर्जी असली तर पुढे रामनाथीपर्यंत जाऊन येतो. पावसाळ्यात छत्री आणि पट्टा एकाच हातात धरून चालण्याचे हाल काढले की आश्विन-कार्तिकातली ही सकाळ मला वर्षातली सगळ्यात चांगली वाटते. गवतावर दव, कुळागरातून येणारा गारवा, आणि मिरी प्रत्येक गडग्याला नाक लावून कालच्या बातम्या वाचत चाललेली.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला मात्र शहाणपणाने उशिरा निघालो. रात्रभर गाणी, मग चार-साडेचारला नरकासुर जाळले, फटाके वाजले. मिरी पलंगाखालून बाहेर येईना. अभ्यंगस्नान झाले, कारीट फोडले, फोव (पोहे) खाल्ले आणि सात वाजता तिला घेऊन बाहेर पडलो. तिठ्यावर राखेचा ढीग अजून धुमसत होता. आम्ही लांबून, रस्त्याच्या पार कडेने गेलो. तरी वीस पावलांवर मिरी थबकली आणि तीन पायांवर उभी राहिली.

पंजा उलटा करून पाहिला. दोन गाद्यांच्या मधल्या मऊ भागात बांबू बांधायची बारीक तार घुसली होती. जळून काळी पडलेली, त्यामुळे काळ्या केसांत दिसेना, फक्त बोटाला टोचली. मी ती ओढली आणि तिथेच चुकलो. जळक्या तारेत जीव नसतो. अर्धी हातात आली, अर्धी आत राहिली. डॉक्टरांनी नंतर चांगलेच सुनावले : आत गेलेले आपण ओढायचे नाही, स्वच्छ फडके सैल गुंडाळायचे आणि चालवत नाही, उचलून आणायचे. पण सणाचा दिवस. डॉक्टर भेटेपर्यंत दुपारचा एक वाजला. भूल देऊन तुकडा काढला, पंधरा दिवस फिरणे बंद. पट्टीवर माझा ड्युटीचा जुना मोजा आणि अंगणात नेताना त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. घरात आल्या आल्या ती पिशवी काढायची, नाहीतर आत घाम धरून जखम चिघळते.

त्याच संध्याकाळी मी तिठ्यावर गेलो. घरात एका फुटक्या स्पीकरचे लोहचुंबक पडून होते. त्याला सुंभाची दोरी बांधली आणि गार झालेल्या राखेतून, मग आजूबाजूच्या डांबरावरून ओढत नेले. चार फेऱ्यांत बिस्किटांचा डबा निम्मा भरला. खिळे, तारेची वेटोळी, फ्रेमचे तुकडे. ढिगापासून पंधरा-वीस पावलांवरही खिळे मिळाले, कारण सकाळपासून गाड्यांच्या चाकांनी ते पसरवले होते. त्या रस्त्याने लहान मुले अनवाणी देवळात जातात, स्कूटर जातात, गुरे जातात. मिरीच्या पंजाचे निमित्त झाले, एवढेच.

नरकासुर बंद करा असे मी म्हणत नाही. तरुणपणी मीही रात्र जागवून पुतळ्यात तण (सुके गवत) भरले आहे, आणि तेव्हा आम्हीही राख तशीच टाकून आंघोळीला पळायचो. तेव्हा सुतळी जास्त आणि तार कमी होती, हाच काय तो फरक. माझे मागणे एवढेच आहे की जाळणाऱ्यांनी राख गार होताच, त्याच दिवशी, खिळे-तारा वेचाव्यात. जिथे स्पर्धा होतात तिथे आयोजकांनी बक्षिसाची रक्कम जागा साफ झाल्याचे पाहूनच द्यावी. रात्रभर वाजवायला भलेमोठे स्पीकर मिळतात, तर एखाद्या बिघडलेल्याचे चुंबकही मिळेल.

चालक होतो म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सहा पंचविसाच्या आसपास उगवतो, नोव्हेंबर संपता संपता पावणेसात होतात. फिरायला जाणारे मात्र जूनच्याच वेळेला निघतात, म्हणजे चक्क अंधारात. त्यात गडद कपडे आणि काळा कुत्रा. माझ्या जागेवरून असा माणूस दिसायचा तो शेवटच्या क्षणी. कुत्र्याचे डोळे दिव्यात चमकतात हे खरे, पण त्याने गाडीकडे तोंड केले तर! गाडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते, ब्रेकवर पाय जाईपर्यंत ती तुमच्याजवळ पोचलेली असते. ट्रकच्या मागे चिकटवतात ती चमकती पट्टी मी मिरीच्या छातीपट्ट्यावर शिवून घेतली आहे. गळपट्टा मी सोडून दिला, कारण एका फटाक्याला ती त्यातून मान काढून पळाली होती आणि दुपारी कवळ्याच्या बाजूला सापडली. फूटपाथ नसेल तिथे आम्ही उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे चालतो आणि मिरी माझ्याही उजवीकडे, म्हणजे गटाराच्या बाजूला.

गटाराच्या बाजूला म्हणजे गवत आलेच. पावसात वाढलेले गवत अजून कापलेले नसते, आणि भातकापणी सुरू झाली की उंदरांमागे घोणस बांधावर, रस्त्यावर येते. टॉर्च आणि काठी घेतल्याशिवाय मी निघत नाही. काठी आपटत चाललो की मिरीला माझी लाज वाटते, असा मला संशय आहे. घरी आल्यावर कानांच्या मागे आणि बोटांच्या मधे गोचीड बघायचे. साचलेल्या पाण्याला तोंड लावू द्यायचे नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग) तिथून येतो. वाटेत वाड्यावाड्यातले कुत्रे अंगावर येतात, दिवाळीच्या दोन-तीन दिवसांत तर घाबरून भलतीकडे गेलेले परके कुत्रेही. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला खरा, तरी मिरीची दरवर्षीची लस मी एकदाही चुकवलेली नाही.

यंदा मी वाड्यावरच्या पोरांकडे ते चुंबक घेऊन गेलो होतो. एकाने विचारले, ‘‘काका, याने स्पीकर चालू होईल काय?’’ दुसऱ्याने ते घेतले आणि बांबूंच्या ढिगाजवळ ठेवले. काल संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

आपला नम्र,
एक निवृत्त बसचालक, बांदोडा-फोंडा

(माझे नाव छापू नये. त्या पोरांत माझा सख्खा पुतण्या आहे आणि दिवाळीचे फोव त्याच्याच घरी आहेत.)