हरणाचं काडतूस आणि सहा मिलिमीटरची भानगड

ग्रीली, कोलोराडो, अमेरिका

प्रिय बंड्या,

टोमणा पोचला. "रायफल घ्यायला गेलास नि सहा महिने काडतूसच निवडत बसलास?" तुला हसायला काय जातं! तुमच्या माळ्यावर एक बाराबोर, डब्यात थोडी छर्‍याची नि दोनचार गोळीची काडतुसं. डुक्कर भातात शिरलं की बार काढला, विषय संपला. इथे दुकानात काडतुसांची अख्खी भिंत. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने विचारलं, मारायचंय काय? मी म्हटलं, हरीण, आणि जमलं तर कायोटी. (कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. इथल्या मेंढपाळांचा वैरी.) तो हसून म्हणाला, हे भांडण १९५५ पासूनचं आहे.

अर्धी निवड तर कायद्यानेच केली. कोलोराडोत हरणासाठी गोळीचा व्यास निदान ०.२४ इंच हवा, वजन निदान ७० ग्रेन. ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. १०० ग्रेनची गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅम भरते. काडतुसाच्या नावातला पहिला आकडा म्हणजे साधारण गोळीचा इंचातला व्यास. त्यामुळे .२२३ बाद आणि माझा जीव जडला होता ती .२२-२५० पण बाद. तिची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,६०० फुटांच्या वर पळते, कायोटीला त्याहून बरं काही नाही. पण हरणापुढे ती नेणं बेकायदा. दुसऱ्या टोकाला .३०८ नि .३०-०६. हरीण काय, त्यांनी एल्कसुद्धा (इथलं थोराड हरीण) आडवा होतो. एका ओळखीच्याची .३०-०६ नेमबाजीच्या रेंजवर वापरून पाहिली. वीस गोळ्यांनंतर खांदा असा हुळहुळला की दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना "आई गं" झालं. त्यापेक्षा वाईट म्हणजे शेवटच्या पाचसात गोळ्यांना मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होतो. धक्क्याला भ्यालेल्या माणसाचा नेम लागत नाही, मग काडतूस कितीही दांडगं असो.

उरलं मधलं, सहा मिलिमीटरचं, म्हणजे साधारण ०.२४ इंचाचं. आणि म्हाताऱ्याचं भांडण इथलंच. १९५५ साली दोन कंपन्यांनी एकाच व्यासाची गोळी बाजारात आणली. विंचेस्टरने .३०८ चं काडतूस तोंडाशी आवळून .२४३ केलं, रेमिंग्टनने .२४४. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू किंचित जास्तच मावते. तरी हरलं ते. का? तर नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा. भोवऱ्याला जाळी नीट गुंडाळून झटका दिला की तो गुंगतो, कमी पडला की झोकांड्या खातो, गोळीचं तसंच. लांब, जड गोळीला फिरकी जास्त लागते. विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा दिला, १०० ग्रेनची गोळी सरळ गेली. रेमिंग्टनने धरलं की एवढी बारीक गोळी लोक लहानसहान जनावरांवरच झाडणार, म्हणून बारा इंचांत एक फेरा, साधारण ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांसाठी. गिऱ्हाइकाला मात्र माझ्यासारखंच एका नळीत दोन्ही हवं होतं. पुढे १९६३ साली त्यांनी पीळ वाढवून त्याच काडतुसाचं नाव ६ एमएम रेमिंग्टन ठेवलं, पण तोवर गाडी सुटली होती. मला ही गोष्ट इतकी आवडली की तिथेच .२४३ ठरवली. आता ६.५ क्रीडमूर नावाच्या नव्या काडतुसाची हवा आहे. चांगलंच आहे ते. पण त्याचे भक्त एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत.

एक मात्र शिकलो, तेही फजितीच्या काठावर. उन्हाळ्यात रायफलीवरच्या दुर्बिणीचा नेम ५८ ग्रेनच्या गोळ्यांवर जुळवून ठेवला होता. नोव्हेंबरात १०० ग्रेनची काडतुसं घेतली नि निघणार, तेवढ्यात सहज कागदावर तीन झाडून बघितल्या. दोनशे यार्डांवर चार बोटं खाली, दोन बोटं डावीकडे! गोळीचं वजन बदललं की दुर्बीण पुन्हा जुळवायची, हे मी शंभरदा वाचलेलं. आणि हलकी गोळी हरणावर चालवायचीच नाही, ७० ग्रेनच्या वर जाऊन कायद्यात बसली तरी. तिचं कवच पातळ असतं; कायोटीवर ती फुटणंच अपेक्षित, पण हरणाच्या फऱ्यावर वरच्यावर फुटली तर जनावर जखमी होऊन पळतं आणि तू दिवसभर रक्ताचे थेंब शोधत बसतोस.

प्रेअरी डॉगचं विचारलंयस. नावात डॉग, पण जात खारीची, बिळात राहणारी. कुरणाची चाळण करतात म्हणून काही रँचवाले बोलावतात. गेलो एकदा. लोक दिवसाला शेकड्याने झाडतात; .२४३ त्या कामाची नव्हे. बारीक नळीतून एवढी दारू जाळली की नळी तापते आणि आतून लवकर झिजते. तिथे .२२३ च बरी, स्वस्त आणि शांत. खरं सांगू, मला ते जमलंही नाही. शिजवायचं नाही ते मारायला हात धजत नाही. कायोटीच्या बाबतीत हा न्याय कुठे जातो, ते विचारू नकोस.

हरणाचा परवाना इथे सोडतीत निघतो. यंदा लागला तर फऱ्याचं मटण तुझ्या आईच्या वाटपात करायचं ठरलंय, फक्त चरबी अजिबात नसते त्या मटणाला, तेव्हा तेल किती वाढवायचं ते काकूंना विचारून कळव. आणि निवडणुकीआधी ठाण्यात जमा केलेली तुझी बाराबोर परत मिळाली का? की डुकरं अजून डबे वाजवूनच हाकलतोयस?

तुझा,
नाना