मकुहारीच्या शोमध्ये आधी चाकामागं बघ

चिबा, जपान

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आणि गॅरेजची पोरं जानेवारीत टोकियो ऑटो सलॉनला, म्हणजे बदल करून सजवलेल्या गाड्यांच्या शोला, यायचं ठरवताय, हे वाचून फार आनंद झाला. नाव टोकियोचं असलं तरी शो भरतो चिबातल्या मकुहारी मेस्सेमध्ये. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइन धरायची आणि काइहिन-मकुहारीला उतरायचं; तिथून पाच-सात मिनिटं चालत. टोकियो स्टेशनात केइयोचे फलाट खूप लांब, जमिनीखाली आहेत, तेव्हा गाडी बदलायला पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. तिकीट आधीच काढा. शुक्रवारचं महाग असतं, पण गाडीजवळ उभं राहून नीट बघायचं तर तोच दिवस बरा.

१ ते ८ हॉल एका ओळीत आहेत, ९ ते ११ रस्त्यापलीकडे. सगळं बघायच्या नादात काहीच धड बघून होत नाही. तुम्हाला ड्रिफ्टची (मागची चाकं घसरवत वळण घेण्याची) आवड आहे, तर निसान सिल्व्हिया एस१३, एस१४, एस१५, टोयोटा चेसर जेझेडएक्स१०० आणि टोयोटा एई८६ एवढ्या गाड्या शोधा. रंग, स्टिकर नंतर. आधी पुढच्या चाकामागं वाकून बघायचं.

ड्रिफ्टच्या गाडीचं पुढचं चाक ६० अंशांच्या आसपास वळतं. स्टिअरिंग रॅकची (चाकं वळवायला डावी-उजवी सरकणाऱ्या दांडीची) चाल तीच ठेवून एवढा कोन मिळतो तो नकलमुळे, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्याबरोबर वळतं त्या भागामुळे. नकलचा स्टिअरिंग आर्म आखूड केला, म्हणजे टाय रॉडचं (रॅक आणि नकल जोडणाऱ्या दांडीचं) टोक किंगपिनच्या (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या) जवळ आणलं, की तेवढ्याच चालीत चाक जास्त फिरतं. पण आखूड पान्यानं नट सोडवायला जोर लागतो तसं स्टिअरिंगही जड होतं. आणि आर्म फारच आखूड केला तर पूर्ण लॉकला (चाक शेवटपर्यंत वळलेलं असताना) टाय रॉड आणि आर्म एका रेषेत येतात, चाक पलीकडे उलटतं आणि स्टिअरिंग परत येतच नाही. म्हणून गाडी जॅकवर घेऊन दोन्हीकडे पूर्ण लॉक करायचा, चाक हातानं ढकलून बघायचं आणि त्या रेषेच्या बऱ्याच आधी स्टॉपर लावायचा.

कोन वाढला की टायरची आतली कड टेन्शन रॉडला (लोअर आर्मला पुढून धरणाऱ्या दांडीला) किंवा चासीला घासते. म्हणून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) २०-३० मिलिमीटर लांब घालतात, चाक बाहेर सरकतं. त्याबरोबर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) वाढतो, तो शॉकअपच्या वरच्या माउंटला जुळवावा लागतो. टाय रॉडही लांब लागतो, नाहीतर टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) बिघडतो. आता बाहेर आलेलं चाक झाकायला फेंडर रुंद करावा लागतो. म्हणजे चांगल्या गाडीचं रुंद अंग आतल्या आर्मवरून ठरलेलं असतं. ज्या गाडीचा फेंडर रुंद आहे पण आर्म कंपनीचाच, तिथं फार वेळ घालवू नका. खरोखर पळालेली गाडी ओळखायची तर मागच्या चाकाच्या कमानीत बघा: वितळून चिकटलेले रबराचे कण असतात. बंपर झिप टायनं बांधलेला दिसला तर तो गबाळेपणा समजू नका; धक्का बसला की टाय तुटतो, बंपर वाचतो.

मागं प्लेटवाला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असतो, बहुतेक टू-वे: अॅक्सिलरेटर दाबला तरी आणि सोडला तरी लॉक होतो. हळू वळताना त्याचा कटकट आवाज येतो, तो दोष नव्हे. त्याला एलएसडीचंच गिअर ऑइल लागतं आणि ते लवकर बदलावं लागतं. डिफ वेल्ड करणं स्वस्त पडतं खरं, पण वळणावर टायर घासतात, एक्सलवर ताण येतो आणि वेल्ड तडकला तर तुकडे क्राउन-पिनियनच्या दातेरी चाकांमध्ये जातात.

दादा, उद्यमनगरात नकल कापून वेल्ड करून घेऊ, हा तुझा विचार मला पटलेला नाही. फोर्ज केलेल्या पोलादाला आधी गरम न करता वेल्ड मारला तर शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तडा तिथंच जातो. तयार नकल घ्या. करायचंच असेल तर डाय पेनिट्रंट लावून तडे तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि ती फक्त बंद ट्रॅकवर. आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, शिवाय त्यावरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही. इथंही मोकळीक नाही: शाकेन, म्हणजे गाडीच्या ठराविक काळानं होणाऱ्या सरकारी तपासणीत जमिनीपासून ९ सेंटिमीटर अंतर लागतं, आणि गाडीची रुंदी २० मिलिमीटरपेक्षा जास्त बदलली तर वेगळी तपासणी करून नोंद बदलावी लागते.

बाहेरच्या मैदानात ड्रिफ्टची प्रात्यक्षिकं असतात. वेळापत्रक बघून आधी जाऊन उभे राहा, आणि गाडी दिशा बदलते त्या क्षणी पुढचं चाक बघा. दायकोकूला (गाड्यांचे शौकीन जमतात तो योकोहामाचा एक्स्प्रेसवेवरचा पार्किंग तळ) जायचं असेल तर गाडी ठरवावी लागेल, तिथं पायी पोचता येत नाही.

खिशात छोटी टॉर्च ठेवा, गाडीखाली अंधार असतो. हात लावायच्या आधी विचारा. समुद्राकडून गार वारा येतो, तेव्हा पोरांना जाड जाकिटं घ्यायला सांग. तारखा नक्की झाल्या की कळव, खोल्या चिबाकडेच बघून ठेवतो.

आई-बाबांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
बाळू