मास्तर, हे तुलाच सांगायचंय

ड्युसेलडॉर्फ, सोमवार रात्र

प्रिय मास्तर,
जय ख्रिस्त.

इथे सगळे बरे आहेत. चिकूची सर्दी गेली, तुझ्या वहिनीला सातवा लागलाय, बीपी नॉर्मल, डॉक्टर खूश. झालं तब्येतीचं.

मागच्या नाताळानंतर तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. तुझे दोन मेसेज आले होते, दोन्ही वाचले, रात्री निवांत उत्तर देऊ म्हणून ठेवले आणि मग इतके दिवस गेले की लिहायला तोंडच उरलं नाही. आज लिहितोय कारण काल चर्चमध्ये जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. तुझ्या वहिनीला मी अर्धंच सांगितलंय.

मी चर्चमधून नाव काढलं. या महिन्याच्या तेरा तारखेला, कोर्टात जाऊन.

हो, कोर्टातच. आपण इथे आलो की पत्ता नोंदवायला ऑफिसात जावं लागतं, त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. पाच वर्षांपूर्वी मी तिथे मोठ्या अक्षरात 'इव्हँजेलिश' लिहिलं होतं, म्हणजे इथलं प्रोटेस्टंट. त्या बाईने मान वर करून बघितलं, इंडियातून आलेला माणूस आणि हे, आणि मला काय भारी वाटलं होतं सांगू. मग पहिला पगार झाला आणि स्लिपवर एक ओळ दिसली, किर्शेनश्टॉयर. चर्च टॅक्स. तुझा जो इन्कम टॅक्स होतो त्याच्या 9 टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गला 8), सरकारच कापतं आणि चर्चला देतं. 1919 च्या वायमार घटनेतली ती कलमं 1949 च्या घटनेत तशीच उचलली, तेव्हापासून चालू आहे. नको असेल तर या राज्यात अम्ट्सगेरिष्टमध्ये, म्हणजे खालच्या कोर्टात, जाऊन सही करायची, 30 युरो फी भरायची, संपलं. आणि लोक करतात रे. 2023 मध्ये एका वर्षात जवळपास 3 लाख 80 हजार जण प्रोटेस्टंट चर्चमधून बाहेर पडले, कॅथलिक चारेक लाख वेगळे. ऑफिसात तर माझी स्लिप बघून सगळे म्हणायचे, अजून भरतोस?

पाच वर्षं भरला. मला त्याचं काही वाटायचं नाही, दशांश, देवाला द्यायचा दहावा हिस्सा, समजून भरला. पण आता दुसरं बाळ येतंय, हे घर पुरायचं नाही, नवीन घराला तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट, आणि तुझी वहिनी घरी बसली की एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी घरी बसलेल्या आईबापाला सरकारी भत्ता, मिळतं ते हातात येणाऱ्या पगाराच्या 65 टक्क्यांच्या आसपास. रात्री बारा बारा वाजेपर्यंत मी एक्सेल उघडून बसायचो. भाडं कमी करता येत नाही, हीटिंग बंद करता येत नाही, किटाचं जेवण बंद करता येत नाही (किटा म्हणजे चिकूची बालवाडी). मग ती एक ओळ दिसायची. साठ युरो महिन्याला. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, हेच पैसे आपण दुसरीकडे देऊ, जिथे खरी गरज आहे तिथे, देव काय पगाराची स्लिप बघतो का? आणि मग मी काय म्हणालो माहितीये? 'वहीत नाव आहे म्हणून मी ख्रिस्ती नाही.'

वाक्य ओळखलंस ना?

तुझंच आहे ते. आपल्या तिकडच्या चर्चमध्ये, घंटेच्या खांबापाशी तू मला ऐकवलं होतंस आणि मी तुला म्हणालो होतो की नियम सगळ्यांना सारखा. मी मंडळीचा खजिनदार, तेवीस वर्षांचा, नवी कोरी फाइल, इस्त्रीचा शर्ट. वार्षिक सभेत थकबाकीदारांची नावं वाचायची होती आणि मी एकेक वाचली. तुझं नाव, चौदा महिन्यांची वर्गणी बाकी, मतदानाचा हक्क नाही, रजिस्टरवरून नाव कमी. काका तेव्हा ॲडमिट होते, मास्तर. मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी डबा घेऊन वॉर्डात आलो होतो, तू जिन्यात बसून चहा पीत होतास, आपण क्रिकेटवर बोललो. आणि दुसऱ्या दिवशी मी तुझं नाव वाचलं, कारण ते यादीत होतं. एक ओळ गाळली असती तर कोणाला कळलं असतं? आशीर्वादाआधी तू उठून गेलास. शब्बाथशाळेच्या पोरांना त्या रविवारी मास्तरच नव्हते, ती पोरं मला येऊन विचारत होती, मास्तर कुठे गेले म्हणून.

नंतर आपण बोलायला लागलो, माझ्या लग्नात तू पहाटेपर्यंत खुर्च्या लावल्यास, सगळं मिटलं असं मीच धरून चाललो. मी तुझी माफी कधी मागितलीच नाही. आता मागतोय. उशीर झालाय, पण मागतोय.

तर तेरा तारीख. त्याच्या दोन दिवस आधी सेंट मार्टिनची मिरवणूक होती, या भागात फार मोठी असते, पोरं कागदाचे कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात, पुढे खऱ्या घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन, आणि शेवटी तो तलवारीने झगा अर्धा कापून भिकाऱ्याला देतो. चिकूने तीन आठवडे खपून किटात कंदील केला होता, साळिंदर आहे म्हणाली, मला बटाटा वाटला तर दिवसभर रुसली. घरी येताना म्हणते, पप्पा, त्या काकांनी अख्खा का नाही दिला? मी म्हटलं, अगं त्यांना पण थंडी वाजेल ना. त्यावर म्हणते, त्यांच्याकडे घोडा आहे की. मास्तर, तू तिला शिकवायला हवा होतास, तुमचं जमलं असतं.

आणि दोन दिवसांनी सकाळी मी पासपोर्ट घेऊन गेलो. दहा मिनिटं लागली. कारण पण विचारत नाहीत. नाव, जन्मतारीख, कुठलं चर्च, इथे सही करा. मला वाटलं होतं काहीतरी होईल, निदान हात तरी थरथरेल. काही नाही. बाहेर पाऊस, मी ट्राम पकडून ऑफिसला गेलो आणि दहाची मीटिंग केली. संध्याकाळी तुझ्या वहिनीला कागद दाखवला. तिने वाचला, घडी घातली आणि फाइलमध्ये लावला. एवढंच म्हणाली, 'माझं नाव राहू दे.' भांडली असती तर बरं झालं असतं.

आता कालचं. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांच्या, आधीचा रविवार इथे टोटेनझोनटाग असतो, मृतांचा रविवार. वर्षभरात मंडळीतले जे गेले त्यांची नावं पास्टरबाई वेदीपाशी उभं राहून वाचतात आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावतात. नेहमी तीसेक माणसं असतात, त्यातली बहुतेक सत्तरीच्या पुढची, काल चर्च भरलं होतं. पहिलं नाव, घंटा, मेणबत्ती. दुसरं नाव. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचंही होतं, चिकूला चॉकलेट द्यायचे ते. सावकाश वाचत होत्या बाई, नाव झालं की थांबायच्या. मी पण वाचली होती रे नावं. असाच पुढे उभा राहून. मी थांबलो नव्हतो. मला ती सभा, ती फाइल, तुझी पाठ, सगळं दिसायला लागलं आणि पुढची नावं मला ऐकूच आली नाहीत.

मग प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस. इथे वेदीभोवती अर्धगोल करून उभे राहतात. मला कोणी अडवणार नव्हतं, दारात कोणी यादी घेऊन बसत नाही. पण कोर्टाकडून चर्चला कळवलं जातं, बाईंना कळलं असेल की नसेल मला माहीत नाही. मी बाकावरच बसून राहिलो. तुझी वहिनी चिकूला घेऊन गेली आणि तिथून चिकू सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी ओरडली, 'पप्पा, कॉम! कॉम ना!' जर्मन 'ये' आणि आपलं 'ना'. लोक प्रेमाने हसले. मी हात हलवला फक्त. जाताना दारात बाईंनी हात हातात घेतला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला की मलाच तसं वाटलं, काल रात्रभर तेच डोक्यात.

परत नाव घालता येतं. पास्टरशी बोलायचं, सही करायची, त्याला फीसुद्धा नाही. पण मग साठ युरोचं तेच गणित परत टेबलावर. आणि मी खरंच पैशासाठी गेलो की कोणीतरी मला थांबवावं म्हणून गेलो, हेच मला कळत नाहीये. तू काय केलं होतंस त्या रविवारी? घरी गेलास? त्या दिवशी प्रार्थना केलीस का? मला हे कधी विचारावंसंच वाटलं नाही बघ, इतकी वर्षं.

आईला यातलं काही बोलू नकोस. ती रोज व्हिडिओ कॉलवर चिकूकडून प्रभूची प्रार्थना म्हणून घेते, पोरगी अर्ध्यात जर्मनवर जाते आणि आई तरीही आमेन म्हणते. तिला हे कळलं तर ती जेवणार नाही.

तुझं सांग. दुकान हलवलंस म्हणे, नवीन जागा चालतेय का? काकूंचा गुडघा? धाकटीचं दहावीचं वर्ष ना, तिला म्हणावं गणिताला घाबरू नको, अडलं तर मला फोटो पाठव.

अजून एक. बाळ फेब्रुवारीत येईल, तुझ्या वहिनीचं नाव आहे म्हणून बाप्तिस्मा इथे होऊ शकतो. आम्ही दोघांनी फार आधीच ठरवलं होतं की धर्मपिता तू. मला वाटतं त्यासाठी तुझ्या मंडळीचा दाखला लागेल, सभासद असल्याचा. काल रात्री हे आठवलं आणि मी उठूनच बसलो. मास्तर, तुझं नाव परत चढवलं होतं का रे रजिस्टरवर? माझ्यानंतर कोणी चढवलं?

रविवारी फोन करतो, इथले सकाळचे दहा, तुझे दुपारचे अडीच. उचल.

तुझाच