कढईपाशी मला परत आणलंस, त्याबद्दल

चि. अकोल्याच्या लेकीस,
कराडहून काकूचे अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. घरगुती धंदा करणाऱ्या कितीतरी जणी आज रात्री ११ वाजता पार्सलवर पत्ते लिहीत बसल्या असतील, मध्येच फोन उचलून 'रेट काय?' याला उत्तर देत असतील. अकोल्यात बसून माझ्या मसाल्याच्या धंद्याचं फोनवरचं काम सांभाळणारी तू त्यांना कळावीस असं मला मनापासून वाटतं.

२०२२चा मार्च मी विसरणार नाही. कांदा-लसूण मसाल्याचा आमचा हंगाम म्हणजे होळीपासून मृगापर्यंत. मिरची उन्हात कडकडीत वाळली पाहिजे, कांद्याच्या फोडी वाळल्या पाहिजेत, आणि पावसाची पहिली सर यायच्या आत लोकांच्या बरण्या भरल्या पाहिजेत. त्या दिवशी मी खोबरं भाजत होते. फोन वाजला, पुण्याच्या एक बाई विचारत होत्या, पार्सल कुठवर आलंय. मी पावती शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तर खोबऱ्याचा तळ काळा पडला होता. पुन्हा नवीन भाजायला वेळ नव्हता, मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावलेला होता. वरवरचं करपलेलं काढून मी ते तसंच घातलं. डंकावरच्या मावशींनी चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला आणि काही न बोलता माझ्याकडे नुसतं पाहिलं. ११ किलो मसाला होता. संध्याकाळी परड्यात खड्डा काढून पुरला.

त्या रात्री मी भाच्याला फोन करून रडले. तो म्हणाला, "आत्या, घरी बसून अशी कामं करणारी माणसं मिळतात, व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्यांना." तुझा नंबर त्यानंच दिला.

तुझा पहिला फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो. पैशाचं तू काही विचारलंच नाहीस. म्हणालीस, "काकू, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. बारीकसारीक सगळं." मी सांगत गेले, तू लिहीत गेलीस. शेवटी वाचून दाखवलंस तेव्हा ३१ कामं निघाली. मग एकेका कामावर थांबून एकच प्रश्न विचारलास, "हे तुमच्याशिवाय कुणाला जमणारच नाही का?" मिरची निवडणं, भाजणी, मिठाचा अंदाज, शेवटची चव... मोजून ६ कामं उरली. बाकीची २५ मी का करत होते याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या २५ मधली सगळी तू आपल्याकडे ओढली नाहीस, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तुला घर चालवायचं होतं, जितके तास जास्त तितके पैसे जास्त. तरी तू सरळ सांगितलंस: लसूण सोलायला आणि पार्सलं बांधायला गल्लीतलंच माणूस बघा, कराचं काम सीएच बघेल, मी फक्त व्हॉट्सॲप, ऑर्डरींची शीट आणि पैशांचा मेळ बघते, रोज २ तास, तासाला २०० रुपये. शेजारच्या वहिनी त्या सोमवारपासून यायला लागल्या. त्यांच्या घरातही चार पैसे जायला लागले ते तुझ्या त्या सल्ल्यामुळं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

काम सोडणं मला सोपं गेलं नाही. पहिला महिनाभर तू उत्तर दिलेला प्रत्येक मेसेज मी पुन्हा उघडून वाचायची. एकदा तर भाजणी सोडून तुला ओटीपी सांगायला फोन केला. तू मला बोलूच दिलं नाहीस. "काकू, ओटीपी आणि यूपीआयचा पिन मलासुद्धा सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही." बिझनेस व्हॉट्सॲपला दुसरं उपकरण जोडता येतं, एका फोनला चारपर्यंत, त्यासाठी माझा फोन किंवा पासवर्ड तुझ्या हातात असायची गरज नाही, हे तू मला दाखवलंस. बँकेचं स्टेटमेंट मी दर शनिवारी काढून पाठवते, खात्यात तू कधी डोकावलीही नाहीस. कामाला बाहेरचं माणूस ठेवायला भिणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते. तुझ्यावरचा माझा विश्वास तिथं बसला.

आणि ती उत्तरं! पहिल्या दिवशी तू लिहून पाठवलंस, 'आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद.' मी म्हटलं, अगं, आम्ही असं बोलत नाही. तू वाद घातला नाहीस. म्हणालीस, गिऱ्हाइकाचा फोन आला की तुम्ही जे बोलता ते रेकॉर्ड करून पाठवा. मी पाठवलं. 'ब्याडगीनं रंग येतो, संकेश्वरीनं झणका येतो. घरात लहान मुलं असतील तर ब्याडगी जास्त घालून देते, कालवणाला रंग तोच येईल.' तू ते जसंच्या तसं उतरवून घेतलंस. कालवण म्हणजे नक्की काय, सुकं की रश्शाचं, तेही विचारून घेतलंस. मसाल्याला जाळी का धरते, हिंगाचा खडा बरणीत कुठं ठेवायचा, ओला चमचा का घालायचा नाही, सगळं. आज कुणी विचारलं की तू तयार उत्तरातलं एक निवडून पाठवतेस आणि समोरच्याला वाटतं काकूच बोलल्या. वऱ्हाडातली मुलगी माझ्या भाषेत बोलते, आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

पैशांच्या मेळाचं तर काय सांगू. ऑर्डर बायकोच्या नंबरवरून यायची, पैसे नवऱ्याच्या खात्यातून यायचे, कधी मुलाच्या. स्टेटमेंटवर नाव भलतंच दिसायचं, आणि कुणी पैसे दिलेत, कुणाचे राहिलेत याचा घोळ मी रात्री डोळे चोळत निस्तरायची. तू एकच ओळ वाढवलीस: 'पैसे पाठवताना नोटमध्ये तुमचा पिनकोड लिहा.' पत्ता आपल्याकडे असतोच, पिनकोडवरून माणूस सापडतं. दोन-तीन जण एकाच पिनकोडचे असले तर रकमेवरून कळतं. इतकी साधी गोष्ट पाच वर्षांत मला सुचली नव्हती.

बेंगळुरूची ऑर्डर आली तेव्हाही तूच थांबवलंस. मी समजत होते की ४० लाखांच्या आत उलाढाल असली की जीएसटीचं काही नसतं. तू म्हणालीस, माल राज्याबाहेर जाणार असेल तर आधी सीएंना विचारा. सीएंनी सांगितलं, करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, आणि लहान धंद्यांसाठीची सवलतीची कंपोझिशन योजनाही घेता येत नाही. आम्ही रीतसर नोंदणी केली, मगच पार्सल गेलं. आता तिमाहीच्या दोन विवरणपत्रांची १३ आणि २२ तारीख, मधल्या महिन्यांच्या कर भरायच्या चलनाची २५ तारीख, सगळ्यांच्या तीन दिवस आधी तुझा मेसेज येतो. पाकिटावर पॅकिंगचा महिना छापायचा राहिला होता, तोही तूच फोटोत बघून ओळखलास.

आता जे आजवर बोलले नाही ते बोलते.

गेल्या वर्षी ब्याडगीचा भाव चढला म्हणून मी किलोमागं ६० रुपये वाढवले. ह्यांना सांगितलं, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं, वहिनींनाही सांगितलं. तुला सांगितलं नाही. तू चार दिवस जुन्याच भावानं ऑर्डरी घेतल्यास. कळलं तेव्हा मी फोनवर तुला नाही नाही ते बोलले. "घरचं माणूस असतं तर असं झालं नसतं," असंही म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस. मागं तुझं लेकरू रडत होतं, त्याला तू हळूच गप्प केलंस, ते मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी यादी आली. १४ ऑर्डरी, मिळून १९ किलो, फरक १,१४० रुपये. खाली लिहिलं होतंस, 'शब्द दिलाय तर जुन्याच भावानं पाठवू या. फरक माझ्या पैशातून कापा.' चूक माझी होती. कॅलेंडर कराडात भिंतीवर, तू अकोल्यात, तुला ते कसं दिसणार? पैसे मी कापले नाहीत. पण माफीही मागितली नाही. दुसरंच काहीतरी बोलून विषय बदलला. ती माफी आज सगळ्यांसमोर मागते. घरचं माणूस असतं तर त्यानं माझ्यावर उलट आवाज चढवला असता. तू माझा धंदा सांभाळलास.

त्यानंतर तू शीटच्या अगदी पहिल्या ओळीत भाव लिहायला लागलीस, शेजारी तारीख. भाव फक्त तिथं बदलायचा, बाकी कुठं लिहिलेला भाव धरायचा नाही. आमचे हेसुद्धा आता कुणी विचारलं तर म्हणतात, थांबा, शीट बघून सांगतो.

जूनमध्ये आई आजारी पडली. मी वाईला गेले ती पाच दिवस तिच्या उशाशी बसले. ह्या धंद्याला लागल्यापासून एवढे दिवस मी घराबाहेर कधी राहिले नव्हते. रोज सकाळी ९ वाजता तू वहिनींना पत्त्यांची फाइल पाठवायचीस, त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून चिकटवायच्या, दुपारी पार्सलं निघायची. २६ पार्सलं गेली. मला तू एकच फोन केलास, तोही आईची तब्येत विचारायला. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाची बरणी फुटून पोचली होती, ते मला घरी आल्यावर कळलं, तोवर दुसरी पोचलीसुद्धा होती. तक्रारीचा फोन मात्र मीच घेते हे तुला माहीत आहे, म्हणून त्यांना 'काकू सोमवारी बोलतील' असं सांगून ठेवलं होतंस. सोमवारी मी बोलले.

आता भाजणीच्या वेळी फोन बाहेरच्या खोलीत उलटा पडलेला असतो. खोबऱ्याची कड तांबूस झाली की वास बदलतो. तो वास येतो न येतो तोच कढई उतरवावी लागते, एवढासाच तो वेळ असतो. मधल्या काही वर्षांत तो वास मला येईनासाच झाला होता, कारण नाक इथं आणि लक्ष फोनकडे. ह्या हंगामात डंकावरच्या मावशींनी चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "पयल्यासारखा झालाय बगा."

काल तुझ्यासाठी वेगळा काढलेला दोन किलो मसाला बांधला. एक बरणी लेकरासाठी कमी तिखट आहे, तिच्यावर हिरवा दोरा बांधलाय. हे पार्सल शीटमध्ये घातलेलं नाही, पत्ताही वहिनींना लिहू दिला नाही. पेन घेऊन मी माझ्या हातानं लिहिलाय. अकोल्याचा पिनकोड बघावा लागला नाही, पाठ झालाय.

बरणीत हिंगाचा खडा वरच ठेवलाय, तो काढू नकोस.

तुझी,
काकू